अठरा सेकंद उशिरा

प्रिय ईरा आणि अर्णव,

तुम्ही दोघं आता मराठी वाचता, हळू का होईना, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. अडलेला शब्द आईला विचारा, पण मजकुराबद्दल तिचं मत विचारू नका. ही गोष्ट तिने तुम्हाला सांगितली आहे आणि सांगताना फार गोड करून टाकली आहे, हे मला गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर कळलं. ईराने विचारलं, "आजी, ती लाँड्रीवाली ओबासान एंजल होती ना?"

नव्हती. माझी मालकीण होती.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. नव्वद वर्षांच्या होत्या. मी आणि आजोबा अंत्यदर्शनाला गेलो होतो. तुमच्या आईच्या शाळेतल्या दोन म्हाताऱ्या सिस्टर होत्या, जुन्या विद्यार्थिनी होत्या, गल्लीतली गिऱ्हाइकं होती. एका गृहस्थांनी भाषण केलं. त्या मृदू होत्या, नम्र होत्या, कुणाचं मन दुखवत नसत, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी समोरच्या फोटोकडे पाहिलं. त्यात त्या हसताहेत असं वाटत होतं, पण मी बावीस वर्षं त्यांना ओळखत होते. डोळ्यांवर ऊन आलं होतं, म्हणून तोंड तसं झालं होतं.

घरी येताना मी आजोबांना म्हटलं की हे असंच चालू दिलं तर दहा वर्षांनी त्या खरोखरच गोड म्हातारी होऊन बसतील. आजोबा म्हणाले, "मग तू लिही. तुला नाहीतरी सगळं जागच्या जागी लागतं."

म्हणून हे.

आधी आम्ही त्या दुकानापर्यंत कसे पोचलो ते सांगते, कारण त्यात माझीच चूक आहे. आम्ही जपानला आलो ते दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. तेव्हा पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीतला एक तरी मुलगा सॉफ्टवेअरच्या कामासाठी टोकियोत असायचा. आजोबा मुलगा नव्हते, चव्वेचाळीस वर्षांचे होते, पण बँकांच्या जुन्या प्रणाली समजणारी माणसं कमी होती, म्हणून त्यांना बोलावलं. बाकीच्या मराठी कुटुंबांनी टोकियोजवळ उरायासूला एकमेकांच्या आसपास घरं घेतली. आम्हाला इचिकावात एक खोली जास्त मिळत होती, म्हणून आम्ही तिथे गेलो. तुमची आई, केतकी, तेरा वर्षांची होती.

मी स्वतः पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की घरापासून दहा मिनिटांवर नन्सची मुलींची शाळा आहे म्हटल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही. फाटकाशी मेरीचा पुतळा दिसला आणि मी निर्धास्त झाले. मुख्याध्यापिका सिस्टर माझ्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलल्या, त्याने तर शिक्कामोर्तबच झालं. पहिल्या दिवशी केतकी घरी आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "आई, तिथे येशूसुद्धा जपानीत बोलतो."

उरायासूच्या बायकांनी मला यावरून पुढची पाच वर्षं चिडवलं. दुसरी शाळा मिळेपर्यंत वर्ष निघून जाणार होतं, म्हणून ती तिथेच राहिली आणि गप्प झाली. आमच्याशी नाही, तिथे. सकाळी आठ ते दुपारी चार ती एक शब्दही बोलायची नाही. शाळा सुटल्यावर प्रत्येक मुलीने कुठल्या ना कुठल्या क्लबात जायची रीत होती. तिने पळण्याचा निवडला. मी कारण विचारलं तर म्हणाली, पळताना बोलावं लागत नाही.

त्या क्लबात चारच मुली होत्या. त्यांची शर्यत म्हणजे एकिदेन. त्यात पाच जणी टप्प्याटप्प्याने पळतात आणि खांद्यावरून तिरका घातलेला कापडी पट्टा पुढचीच्या हातात देतात. आपल्याकडे रिले शर्यतीत काठी देतात तसा. चौघींत एकिदेन होत नाही. म्हणजे केतकीला पळता येतं की नाही हे कुणी पाहिलंच नाही. ती पाचवी होती, एवढंच पाहिलं. तिला पळता येत नव्हतं.

आता ओबासान. म्हणजे मावशी, गल्लीत सगळे त्यांना तसंच म्हणत.

शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं कपडे धुण्याचं, ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. काचेवर मदतनीस हवी असल्याचा कागद होता. मी पुण्यात चौदा वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, पण इथे भाषेवाचून मी घरात भिंती पुसत बसले होते. आत गेले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. एक पांढरा शर्ट पुढे टाकला आणि घडी घालायची खूण केली. मी घातली. त्यांनी ती मोडली आणि शर्ट परत पुढे टाकला. असं तीनदा झालं. मग म्हणाल्या, "उद्या आठला."

बुटक्या, केस पुरुषासारखे कापलेले, बारा महिने तेच निळं विंडचीटर. गिऱ्हाइकांना दबकून असायच्या म्हणावं तर गिऱ्हाइकंच त्यांना दबकून असायची. कारण काउंटरवर त्यांचा एकच प्रश्न असे, कशाचा डाग आहे? बहुतेक लोक म्हणत, माहीत नाही, कुठेतरी लागला असेल. त्या कपडा परत सरकवायच्या. आठवत असेल तेव्हा आणा, म्हणायच्या. एका मोठ्या हुद्द्यावरच्या गृहस्थाला कोटावरचा डाग लिपस्टिकचा आहे हे मान्य करायला त्यांनी पावणेदहा मिनिटं उभं केलं होतं. त्याची बायको शेजारीच होती. तो गेल्यावर मी म्हटलं, तुम्हाला तर दिसतच होतं कशाचा आहे ते. त्या म्हणाल्या, "मला दिसत होतं. त्याला दिसायला हवं होतं."

हे मला जरा क्रूर वाटलं. अजूनही वाटतं.

त्यांचा एकच शत्रू होता, हळद. त्या काळात आजूबाजूला राहायला आलेले आपले तरुण पोरगे आठवड्याचे शर्ट आणून टाकायचे आणि दर तिसऱ्या शर्टावर पिवळा डाग असायचा. ओबासाननी त्यावर काय काय वापरून पाहिलं होतं. मी म्हटलं, साबणाने धुवा आणि उन्हात टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू नवस बोलायला सांगितलं. तरी शर्ट मागच्या गॅलरीत टाकला. संध्याकाळी डाग गेला होता. त्या बराच वेळ शर्ट उलटसुलट करत होत्या. शाबासकी वगैरे काही नाही. भिंतीवर डागांचा एक तक्ता होता, त्यात त्यांनी नवी ओळ लिहिली. हळद, आणि पुढे ऊन. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी बारुबे-सान झाले. सान हे इथलं आदराचं शेपूट, आणि बर्वे त्यांना तेव्हा म्हणता येत नव्हतं.

आणि शर्यती. तीस वर्षांहून जास्त काळ त्या शाळेच्या प्रत्येक शर्यतीला जात होत्या. त्यांची कुणी मुलगी त्या शाळेत नव्हती, त्या स्वतःही तिथे शिकल्या नव्हत्या. त्या ख्रिस्तीही नव्हत्या. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा देव्हारा होता, बुद्धाचा. मात्र चॅपेलमधले सगळे कपडे त्यांच्याकडे यायचे आणि मेणबत्त्यांच्या मेणावरून सिस्टरशी त्यांचं दर महिन्याला वाजायचं. शर्यतींना का जाता असं विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. कधी म्हणायच्या हवा चांगली असते. कधी म्हणायच्या घरात बसून करू काय. मला एकदा म्हणाल्या की शाळेचा घाम मी धुते, तो येतो कुठून ते बघायला नको का?

शर्यतीच्या दिवशी दुकानाच्या दाराला पाटी लागे, "पळायला गेले आहे." त्या पळत नसत. नदीच्या बांधावर, रेल्वेच्या पुलाखाली, जिथे वारा अंगावर येतो आणि बघ्यांपैकी कुणीही उभं राहत नाही, तिथे त्या गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभ्या राहत. इथे प्रत्येक पळणाऱ्याला लोक "गाम्बारे" ओरडतात, म्हणजे नेट लाव, हिंमत धर. ओबासानना त्या शब्दाचा राग होता. त्यांचं म्हणणं, ती नेट लावूनच पळते आहे, तिला उपयोगाचं काहीतरी सांगा. त्या फक्त बातमी द्यायच्या. पुढची साठ मीटरवर आहे, दमली आहे. मागची जवळ आली. मागे कुणी नाही, तू शेवटची आहेस. हे शेवटचं वाक्यसुद्धा त्या त्याच आवाजात सांगायच्या. पालक संघाच्या बायकांनी यावर तक्रार केली होती. ओबासान म्हणाल्या, मुलीला ते आधीच माहीत असतं, फक्त सगळे तिच्यापासून लपवताहेत असं तिला वाटायला नको. शेवटची पळणारी गेल्याशिवाय त्या जागा सोडत नसत. मग रस्त्यावर पडलेले पाण्याचे कागदी पेले गोळा करून, जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं असं करून घरी यायच्या.

शाळेचा पट्टा त्या हाताने धुवायच्या. आकाशी रंगाचा होता. मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती.

नोव्हेंबरात शहराची शर्यत झाली. केतकी तिसऱ्या टप्प्यावर होती. आता एक नियम नीट समजून घ्या. शर्यतीसाठी रस्ते बंद केलेले असतात, ते कायम बंद ठेवता येत नाहीत. म्हणून पहिला संघ पुढे गेल्यावर ठरावीक मिनिटांनी पट्टा बदलण्याची जागा बंद होते. तोपर्यंत ज्या संघाची मुलगी पोचली नाही, त्यांच्या पुढच्या मुलीला आयोजक आपल्याकडचा साधा पट्टा देतात आणि तिला तशीच सोडतात. संघ शर्यतीत राहतो, पण शाळेचा पट्टा तिथेच थांबतो. पट्टा तुटला, असं म्हणतात. हरण्यापेक्षा हे वाईट मानतात. इथली मोठी माणसंसुद्धा त्यावर रडताना मी पाहिली आहेत.

मी त्या जागेवर उभी होते. ओबासान त्या दिवशी पूल सोडून तिथे आल्या होत्या, त्यांना अंदाज असावा. चौथी मुलगी रेषेवर उभी राहून मागे वळून वळून बघत होती. केतकी वळणावर दिसली. शिट्टी झाली. चौथी मुलगी आयोजकांचा पट्टा घालून निघून गेली. केतकी पट्टा हातात काढून, हात पुढे करून पळत आली आणि तिथे घ्यायला कुणी नव्हतं.

एका माणसाने तिच्या अंगावर टॉवेल टाकला. शाळेचे तरुण शिक्षक, जे क्लबातल्या मुलींना पळायला शिकवायचे, म्हणाले, छान पळालीस, काही हरकत नाही, काही हरकत नाही. मीही मराठीत तेच म्हणत होते. ओबासान पुढे आल्या, घड्याळ तिच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला. अठरा सेकंद."

त्यांनी घड्याळ परत गळ्यात सोडलं आणि विचारलं,

"तीन किलोमीटर झाले का पूर्ण?"

ती म्हणाली, "झाले."

"मग दे इकडे. घाणेरडा झालाय." आणि तिच्या मुठीतून पट्टा काढून घेऊन त्या चालत्या झाल्या.

मला इतका राग आला की मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तेरा वर्षांची पोर, परका देश, आणि या बाईला सेकंद मोजायचे होते. आजोबा म्हणाले, अगं, अठरा सेकंद होते तर अठराच म्हणणार. आजोबांशीही मी दोन दिवस बोलले नाही. दहाव्या दिवशी फोन वाजला. "बारुबे-सान, हळद आली आहे. आणि ऊन आहे." एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. ती त्यांची माफी होती असं तुमची आई म्हणते. मला तसं वाटत नाही. हळद आली होती आणि ऊन होतं. पण मी गेले.

केतकी मात्र पळायला गेली नाही. सर्दी झाली आहे, पाय दुखतो आहे, असं चाललं होतं. फेब्रुवारीत ते शिक्षक मिठाईचा डबा घेऊन घरी आले. दरवर्षी मार्चमध्ये शाळा एक समारंभ करत असे. त्यात वर्षभरातल्या खेळाडूंना, त्यांना शिकवणाऱ्यांना आणि मदत करणाऱ्यांना मंचावर बोलावून प्रशस्तिपत्र देत. शिक्षक सांगायला आले होते की या वर्षी एकिदेनच्या संघाला बोलावणार नाहीत. मुलींना पुन्हा त्या आठवणीतून जावं लागू नये, विशेषतः केतकी-सानला, असा विचार करून. आणि क्लबाला पुढच्या वर्षी जरा विश्रांती द्यावी, असंही ठरत होतं. ते फार सभ्यपणे बोलले. आजोबांनी त्यांचे तीनदा आभार मानले. ते गेल्यावर आमच्या लक्षात आलं की क्लब बंद होतो आहे आणि आपण त्याबद्दल आभार मानले आहेत.

केतकी दारामागून ऐकत होती. रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिने विचारलं, "आई, बूट कोणत्या कचऱ्यात जातात? जळणाऱ्या की न जळणाऱ्या?"

मी उठून फ्रिजवरचा नगरपालिकेचा तक्ता बघायला लागले. खरंच सांगते. बोट फिरवत मी चामडं, रबर, कापड असं शोधत होते आणि मग मला कळलं की ती कुठल्या बुटांबद्दल विचारते आहे. मागे वळून पाहिलं तर ती ताटाकडे बघत होती. म्हणाली, "मला पुण्याला आजीकडे राहायचंय. तिथे शाळेत कुणी मला सांभाळून घेणार नाही."

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी इस्त्री करता करता ओबासानना सांगितलं, माझ्या मोडक्या जपानीत. त्यांनी पुढचा शर्ट ओढला.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका सिस्टर स्वतः दुकानात आल्या. त्या वर्षी मदतनिसांच्या यादीत पहिल्यांदाच ओबासानचं नाव होतं. आजवर तिथे पालक संघाच्या अध्यक्षबाई वगैरे असत. सिस्टर मनापासून आनंदल्या होत्या. त्यांनी छापलेली कार्यक्रमपत्रिका काउंटरवर ठेवली. ओबासाननी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, इन्कमटॅक्सची नोटीस वाचावी तशी.

"पाच मुली कुठे आहेत?"

सिस्टरनी समजावलं. मुलींना लाज वाटू नये म्हणून. त्यांची काळजी वाटते म्हणून.

ओबासान म्हणाल्या, "मी ज्यांच्यासाठी उभी राहिले त्यांना बोलवत नाही, आणि उभी राहणारीला बोलवता?"

 सिस्टर म्हणाल्या की पत्रिका छापून झाली आहे. खरोखर वाईट वाटत होतं त्यांना, मला दिसत होतं. पण छापलं म्हणजे छापलं. ओबासाननी पत्रिकेची घडी घातली आणि म्हणाल्या, "बरं. येईन मी." सिस्टरना वाटलं विषय संपला. मला तसं वाटलं नाही, कारण त्या सहज बरं म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सिस्टर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, तुमच्या मुलीचं नाव तुमच्या भाषेत कसं म्हणतात. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, केताकी बारुबे. मी म्हटलं, केतकी बर्वे. पुढचे पंधरा दिवस इस्त्रीच्या वाफेत हेच चाललं होतं. एक कॉलर, एकदा केतकी. दुसरी कॉलर, एकदा बर्वे. मी चौदा वर्षं मुलांकडून इंग्रजी उच्चार घोटून घेतले आहेत, पण इतकी हट्टी विद्यार्थिनी मला मिळाली नाही. मध्ये कंटाळून मी म्हटलं, राहू दे, सगळे केताकीच म्हणतात, तिला सवय आहे. त्या म्हणाल्या, सवय आहे म्हणूनच. काय करणार आहेत हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी थांबवलं असतं. मला कार्यक्रम पत्रिकेप्रमाणे झालेले आवडतात.

समारंभाच्या दिवशी केतकी यायला तयार नव्हती. सगळ्या शाळेने बसायचंच होतं, म्हणून आली. आम्ही पालक मागे बसलो. प्रार्थना झाली, गीत झालं. टेनिसच्या मुली, पोहणाऱ्या मुली, मग त्यांचे शिक्षक. प्रत्येक नावानंतर ठरलेल्या वेळी सगळ्या सभागृहाची एकसारखी टाळी वाजत होती. शेवटी मदतनीस, आणि त्यांत शेवटी ओबासान.

त्या निळ्या विंडचीटरमध्येच आल्या होत्या. मंचावर चढल्या. सिस्टरनी प्रशस्तिपत्र दोन्ही हातांनी पुढे केलं. इथे असं पुढे केलेलं कुणी घेत नाही असं होतच नाही. ओबासाननी सिस्टरना वाकून नमस्कार केला, हात खालीच ठेवले, आणि बाजूच्या माईककडे गेल्या. खिशातून कागद काढला. आवाज नेहमीचाच, पुलाखालचा.

"नोव्हेंबरातली एकिदेन. एकतीस संघ. आपला एकतिसावा."

आणि त्यांनी नावं वाचली. पहिला टप्पा, मुलीचं पूर्ण नाव, मिनिटं, सेकंद. दुसरा टप्पा, नाव, मिनिटं, सेकंद.  आजोबांनी माझा हात धरला. मी खाली बघत होते. मला तिथून उठून जायचं होतं, हेही तुम्हाला सांगायला हवं.

"तिसरा टप्पा. केतकी बर्वे." उच्चार अगदी बरोबर होता. सदाशिव पेठेतल्या माणसाने म्हणावा तसा. "पंधरा मिनिटं चाळीस सेकंद. जागा बंद झाल्यावर अठरा सेकंदांनी पोचली. घ्यायला कुणी नव्हतं, तरी रेषेपर्यंत पळत आली. मी तिथे होते."

मग चौथी, मग पाचवी. कागदाची घडी घालून त्या म्हणाल्या, "पाचही जणींनी उभं राहावं."

कुणीही उठलं नाही. सहाशे मुलींमध्ये, पत्रिकेत नसताना, आपणहून उभं राहायचं म्हणजे काय असतं हे तुम्हाला तिकडे कळणार नाही. मी मोजत होते, त्या दिवशी मीही सेकंद मोजले. मग डावीकडे मधल्या रांगेत एक खुर्ची वाजली. केतकी उभी होती. एकटी. हात शरीराला चिकटवून, मान ताठ. शाळेत वर्षभर जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता ती मोठ्याने म्हणाली, "हाय." म्हणजे हजर, असं समजा. मग चौथ्या टप्प्याची मुलगी उठली, जी तिला सोडून पुढे गेली होती. ती रडत होती. मग उरलेल्या तिघी.

टाळी वाजली नाही. पत्रिकेत नव्हती. पाच मुली उभ्या, सहाशे बसलेल्या, आणि शांतता. ओबासान परत सिस्टरसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "आता द्या."  ओबासाननी प्रशस्तिपत्र दोन्ही हातांनी, अगदी रीतसर घेतलं आणि कमरेतून वाकल्या.

इथे टाळीची जागा होती. आणि ती आली. मी तशी टाळी त्याआधी किंवा नंतर त्या शाळेत ऐकली नाही. ती मदतनिसासाठी होती, पत्रिकेप्रमाणे. फक्त सगळ्यांची तोंडं त्या पाच मुलींकडे वळलेली होती.

गोड शेवट हवा असेल तर तुमच्या आईची गोष्ट इथे संपते. खरी संपत नाही. पालक संघाने लेखी तक्रार केली. वर्षभर शाळेचे कपडे त्या दुकानात आले नाहीत. आमचं काम निम्म्यावर आलं, आणि मी एकदा म्हटलं की दोन ओळींचं पत्र लिहून दिलगिरी व्यक्त करू, मी मसुदा करते. ओबासाननी माझ्यासमोर एक शर्ट टाकला आणि घडी घालायला सांगितलं. पुढच्या वसंतात सिस्टर स्वतः गठ्ठा घेऊन आल्या, मेणाचे डाग दुसऱ्या कुणाला निघत नव्हते. ओबासाननी विचारलं, कशाचा डाग? सिस्टर म्हणाल्या, मेणाचा, आणि माझ्या हातून पडलं. मग त्यांनी कपडे घेतले.

केतकीने त्या समारंभाच्या रात्रीच बूट कपाटातून काढून दाराशी ठेवले. तिने एका शब्दानेही ओबासानचे आभार मानले नाहीत, त्यांनाही ते अपेक्षित नव्हतं. क्लब बंद करण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. एप्रिलमध्ये तीन नव्या मुली आल्या. ती आणखी दोन वर्षं पळाली. पुढच्या वर्षीही त्यांचा पट्टा तुटला, पण चौथ्या टप्प्यावर. शेवटच्या वर्षी तुटला नाही, संघ अठ्ठाविसावा आला. यापेक्षा वर ती कधी गेली नाही, आणि तुम्हाला तिने काही वेगळं सांगितलं असेल तर ते खरं नाही. पुण्याला जाण्याचा विषय मात्र तिने परत काढला नाही.

ओबासान मृदू नव्हत्या. त्या लोकांची मनं दुखवत, पुष्कळदा गरज नसताना. माझंही दुखवलं आणि त्याबद्दल त्यांनी कधी काही म्हटलं नाही. त्यांना हे सगळं लिहिलेलं आवडलं असतं की नाही मला माहीत नाही. चुका मात्र त्यांनी नक्की काढल्या असत्या.

दुकान आता नाही, तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली आहे. त्या सिस्टर केव्हाच निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेल्या. मुली कमी झाल्या म्हणून शाळाही लहान झाली आहे. मार्चमधला समारंभ अजूनही होतो. छापील कार्यक्रमपत्रिकेत, प्रार्थनेनंतर आणि विजेत्यांच्या आधी, त्या वर्षी शेवटच्या आलेल्या संघांची नावं असतात. ती पूर्ण वाचतात, वेळेसकट.

तुमची,
आजी